किटविना पेन-कातकाम

लेथवर (कातयंत्रावर) एबोनाइट, अ‍ॅक्रिलिक किंवा तशाच एखाद्या पदार्थाच्या कांडीपासून शाईच्या पेनाचे टोपण, नळी आणि बोटांची पकड हे तिन्ही भाग कातून काढणे, आणि ते एकमेकांत बसावेत म्हणून त्यांवर स्वतःच आटे पाडणे, अशी ही पेन घडवण्याची पद्धत आहे. सुट्या भागांचा तयार संच, म्हणजे ‘किट’, तीत वापरत नाहीत. निब आणि तिला शाई पुरवणारी तिच्याखालची जीभ मात्र बहुतेक कारागीर विकतच घेतात. निब बनवणे हे धातुकामातले वेगळे शास्त्र असल्यामुळे त्यात कमीपणा मानला जात नाही.

किटच्या पेनात लाकडाच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्याला आरपार भोक पाडून पितळी नळी चिकटवतात. ठोकळा मँड्रेलवर (लेथमध्ये फिरणाऱ्या सळईवर) चढवून बुशच्या (दोन्ही टोकांना बसवलेल्या मापाच्या कड्यांच्या) मापापर्यंत कातला, पॉलिश केला आणि दोन्ही टोकांना धातूचे भाग दाबून बसवले की पेन तयार होते. लेथवर हात बसवायला हे काम फार चांगले आहे, आणि दुपारभरात एक पेन सहज होते. पण पेनाची जाडी, टोपणाची बसण, पकडीचा आकार हे सगळे कारखान्याने आधीच ठरवलेले असते. किट सोडले की ही प्रत्येक गोष्ट कारागिरावर येते, आणि तिचा मोठा भाग पेनाच्या आत असतो. हातात घेणाऱ्याला बाहेरची झिलई दिसते. पेन गळेल का, शाई सुकेल का, टोपण वर्षभराने सैल होईल का, हे आतली भोके आणि आटे ठरवतात.

या कामाचा जुना आणि अजूनही लाडका पदार्थ म्हणजे एबोनाइट. रबराच्या 100 भागांत साधारण 30 ते 50 भाग गंधक मिसळून ते बराच वेळ तापवले की आबनुसासारखा कठीण, काळाभोर पदार्थ मिळतो. इंग्रजीतल्या आबनुसाच्या नावावरूनच त्याला हे नाव पडले. अमेरिकेत नेल्सन गुडइयर यांनी 1851 मध्ये त्याचे पेटंट घेतले. क्लॅरिनेट या फुंकून वाजवायच्या वाद्याची मुखनळी आणि धूम्रपानाच्या पाइपची दांडी यांसाठीही हाच पदार्थ वापरतात. धारदार हत्याराखाली तो भुकटी न होता लांबलचक फितीसारखा सुटतो आणि खोलीभर गंधकाचा वास दरवळतो. हातात धरला तर धातूसारखा गार लागत नाही. त्याचा दोष एकच, पण मोठा: ऊन आणि ओल यांनी काळा रंग हळूहळू तपकिरी-हिरवट होतो. म्हणून एबोनाइटचे पेन खिडकीत ठेवू नये आणि पाण्यात भिजत टाकू नये.

अ‍ॅक्रिलिकचे रंग भुरळ घालणारे असतात, पण तो ठिसूळ असतो. भोक पाडताना तापला तर वितळून ड्रिलला चिकटतो, हत्यार बोथट असेल तर कपच्या उडतात. म्हणून ड्रिल थोडे आत घालायचे, बाहेर काढून किस झाडायचा, पुन्हा आत घालायचे, असे थांबत थांबत काम करावे लागते. पदार्थ कोणताही असो, घासताना उडणारी धूळ छातीत जाऊ नये म्हणून मास्क लावणे किंवा ओल्या पॉलिश पेपरनेच घासणे गरजेचे आहे.

कामाचा क्रम आतून बाहेर असा असतो. साधारण 18 ते 20 मिमी जाडीच्या कांडीचे टोपणासाठी व नळीसाठी तुकडे कापतात, चकमध्ये (लेथच्या फिरत्या जबड्यात) धरून तोंडे सपाट करतात, टेलस्टॉकमधल्या (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या आधारातल्या) ड्रिलने भोके पाडतात, मग आटे पाडतात. बाहेरचा आकार सर्वांत शेवटी. नवशिक्याची हमखास चूक म्हणजे बाहेरचा डौलदार आकार आधी साधायचा आणि मग आत माप उरत नाही म्हणून कांडी वाया घालवायची. टोपण आतून आटे पाडून झाल्यावर बाहेरून धरायला जागा राहत नाही. त्यासाठी त्याच आट्यांची एक खुंटी कातून तिच्यावर टोपण फिरवून बसवतात आणि मग बाहेरून कातात. अशा खुंट्या कारागीर पितळेच्या किंवा अ‍ॅल्युमिनिअमच्या स्वतःच करून ठेवतात.

पेनात आट्यांच्या तीन जोड्या असतात. निबची नळकांडी पकडीत बसते ती पहिली. जर्मनीतल्या योवो या कंपनीच्या 6 क्रमांकाच्या निबसाठी तिचे माप 7.4 मिमी व्यास आणि दोन आट्यांमध्ये 0.5 मिमी अंतर असे असते. पकड नळीत बसते ती दुसरी. तिला बारीक, साधे आटे पुरतात, कारण शाई भरतानाच ती उघडायची असते. तिसरी जोडी टोपणाची, आणि खरी परीक्षा तिथे आहे. टोपण दिवसातून दहा वेळा उघडायचे. साधे आटे असले तर ते चार-पाच फेरे फिरवत बसावे लागेल. म्हणून एकाच पृष्ठभागावर तीन वेगवेगळ्या सुरुवातींचे आटे शेजारी शेजारी पाडतात. 13 मिमी व्यास आणि 0.8 मिमी अंतर असलेल्या अशा तीनमुखी आट्यात एका फेऱ्याला टोपण 2.4 मिमी पुढे सरकते. आटे साडेतीन मिमी लांब धरले, तर दीड फेऱ्यातच टोपण निघते. असे आटे पाडणारी हत्यारे, म्हणजे आतल्या आट्यांचा टॅप आणि बाहेरच्या आट्यांचा डाय, साध्या बाजारात मिळत नाहीत आणि महाग असतात; हौशी मंडळी कित्येकदा पैसे एकत्र करून ते मागवतात. तीनमुखी आट्यांमुळे टोपण तीन जागी बसू शकते. कांडीवरची नक्षी टोपणापासून नळीपर्यंत सलग जुळलेली असेल, तर ती तीनपैकी एकाच जागी जुळते.

आटे पाडताना लेथ सुरू ठेवत नाहीत. टेलस्टॉकवरच्या धारकात डाय सरळ धरून चक हाताने फिरवतात. अर्धा फेरा पुढे, जरासा मागे, म्हणजे किस तुटतो. डाय केसभर जरी कलला तरी टोपण एका बाजूला झुकते, आणि तो वाकडेपणा बाहेरून कितीही पॉलिश केले तरी लपत नाही.

टोपण बंद झाल्यावर पकडीचे टोक आतल्या कडेला टेकून निबभोवतीची हवा कोंडली गेली पाहिजे. तिथे फट राहिली तर शाई सुकून सकाळी पेन उठत नाही. नळीत ड्रॉपरने थेट शाई भरायची असेल तर पकडीच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावतात. अशा पेनात शाई खूप मावते, पण ती अर्ध्याखाली आली की हाताच्या उबेने वरची हवा फुगून निबवाटे शाईचा थेंब टाकते. शाई बाहेर जाताना तेवढीच हवा आत यावी लागते. लुईस वॉटरमन यांनी 1884 मध्ये पेटंट घेतलेल्या जिभेतल्या बारीक खाचा हेच काम करत होत्या, आणि आजच्या जिभाही करतात.

भारतात ही परंपरा हौशीपेक्षा कितीतरी आधी धंद्याची होती, आणि तिचे मूळ स्वदेशी चळवळीत आहे. आंध्रातल्या राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम यांनी 1932 च्या सुमारास एबोनाइटची पेने करायला सुरुवात केली. ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत त्यांचे पेन गांधीजींकडे पोहोचले. 16 जुलै 1935 रोजी गांधीजींनी वर्ध्याहून त्यांना पत्र लिहून आभार मानले आणि बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय असल्याचे कळवले. राजमहेंद्रीतच गायडर, तमिळनाडूत तिरुवळ्ळूरची रंगा आणि आपल्याकडे पुण्यातले फॉस्फर ही याच कामातली आणखी काही नावे. बॉलपेनाने झरणीचा, म्हणजे शाईच्या पेनाचा, बाजार गिळल्यावरही अशा छोट्या कारखान्यांत लेथ थांबले नाहीत, म्हणून आज जगभरचे हौशी भारतीय एबोनाइटच्या कांड्या मागवतात.

मराठीत लाकूड कातणाऱ्याला कातारी म्हणतात. हत्यार टेकवण्याची रीत, फिरत्या वस्तूवर धार कोणत्या कोनात लावायची याची समज कातारकामात आणि पेनकामात एकच आहे. पण लाटण्याला किंवा भोवऱ्याला सहसा आटे लागत नाहीत, आणि त्यातून शाई वाहत नाही.

पॉलिशला 400 क्रमांकाच्या ओल्या पेपरपासून सुरुवात करून 2000 च्या पुढे जातात. प्रत्येक टप्प्याला आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर हातात घेऊ नये. शेवटच्या बफने (झिलईच्या कापडी चाकाने) ओरखडे झाकले जात नाहीत, उलट चमकून उठतात. आट्यांवर बफ फिरवला तर त्यांच्या कडा गोल होतात, तेव्हा तो भाग टेपने झाकतात. काम संपल्यावर कांडीचा उरलेला तुकडा पेनाबरोबर जपून ठेवावा. पुढेमागे टोपण पडून तडकले, तर नवे टोपण त्याच रंगात आणि नक्षीत कातता येते.