छिन्नमनस्कता आणि नजरेचा पाठलाग

हलत्या वस्तूवर नजर धरून तिच्यामागे डोळे संथपणे सरकवण्याला अनुसरण नेत्रगती म्हणतात. छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, असलेल्या अनेक व्यक्तींमध्ये ही गती तुटक होते. वस्तू पुढे जाते, डोळे मागे पडतात आणि छोट्या छोट्या उड्या मारून तिला गाठतात. लक्ष, दृष्टी आणि स्नायू यांचा मेळ या आजारात कसा बिघडतो, हे पाहण्याची इतकी उघडी खिडकी दुसरी क्वचितच असेल.

निरोगी माणसात ही गती किती सहज असते, ते घरीही पाहता येते. समोर बसलेल्याच्या डोळ्यांपुढून आपले बोट सावकाश डावीकडून उजवीकडे न्यावे. डोळे बोटाबरोबर अलगद सरकतात. मग बोट काढून घ्यावे आणि तशीच सावकाश नजर भिंतीवरून फिरवायला सांगावे. आता डोळे थांबत थांबत, टप्पे घेत जातात. संथ गती नुसत्या इच्छेने येत नाही. तिला हलते लक्ष्य लागते.

लक्ष्य हलू लागल्यापासून डोळे निघेपर्यंत साधारण १०० ते १५० मिलिसेकंद जातात. एवढ्या वेळात लक्ष्य पुढे गेलेले असते. म्हणून मेंदू नुसता पाहून थांबत नाही, पुढचा अंदाजही बांधतो. गती ओळखण्याचे काम दृष्टीशी संबंधित ‘एमटी’ नावाच्या भागात होते. अंदाज बांधणे आणि वेग टिकवणे यांत ललाटखंडातील, म्हणजे मेंदूच्या कपाळामागच्या भागातील, नेत्रक्षेत्राचा वाटा मोठा असतो, तर लहान मेंदू हालचाल नेमकी करतो. छिन्नमनस्कतेत या पाठलागाच्या वेळी नेत्रक्षेत्राची सक्रियता कमी आढळते. शिवाय दोन वेगांतला बारीक फरक ओळखणेही अनेकांना अवघड जाते. हालचालीचा दोष वाटतो त्याचा काही भाग पाहण्यातच असतो.

ही गोष्ट प्रथम १९०८ साली अमेरिकेत नोंदली गेली. डिफेनडॉर्फ हे मनोविकारतज्ज्ञ आणि डॉज हे मानसशास्त्रज्ञ यांनी रुग्णांच्या डोळ्यांच्या हालचाली छायाचित्रणाने टिपल्या. त्याच वर्षी स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द मांडला. पुढे हा धागा जवळजवळ विसरला गेला. १९७३ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलिप होल्झमन आणि सहकाऱ्यांनी झुलत्या लंबकाच्या साहाय्याने तो पुन्हा उचलला. दुसऱ्याच वर्षी त्यांनी दाखवले की, स्वतः आजारी नसलेल्या रक्ताच्या नातेवाइकांपैकीही बऱ्याच जणांची नजर अशीच अडखळते. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा शोध हाच. आजार नसलेल्या भावाबहिणींतही खूण दिसते, तेव्हा तिचा सगळा दोष औषधांना किंवा दीर्घ आजारपणाला देता येत नाही. औषध सुरू होण्यापूर्वी तपासलेल्या नव्या रुग्णांमध्येही ती आढळली आहे.

मग हे केवळ लक्ष नसल्यामुळे होते का? घरोघरी हीच तक्रार असते : ‘त्याचं लक्षच नसतं.’ पुण्या-ठाण्याच्या आधारगटांत रुग्णाला शुभार्थी आणि काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शुभंकरांनी तर पुढचा प्रयोग जरूर लक्षात ठेवावा. लंबकावर आकडे लिहिले आणि ते वाचायला सांगितले की लक्ष बांधले जाते आणि पाठलाग सुधारतो. पण तो पूर्ण सुधारत नाही. मन लावूनही जे उरते, त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

ही खूण निदानासाठी मात्र पुरेशी नाही. द्विध्रुवी विकारातही (बायपोलर, म्हणजे टोकाचा उत्साह आणि टोकाचे नैराश्य यांचा आजार) ती दिसते, आणि या विकारावरचे लिथियम हे औषध, झोपेची औषधे, मद्य यांनीही पाठलाग बिघडतो.

जवळचीच दुसरी चाचणी प्रतिदिशा नेत्रउडीची. पडद्याच्या एका बाजूला ठिपका चमकतो आणि त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला पाहायचे असते. चमकलेल्या ठिपक्याकडे जाऊ पाहणारी नजर आवरावी लागते. निरोगी माणसेही अधूनमधून चुकतात. छिन्नमनस्कतेत चुका पुष्कळच वाढतात. डोळा आधी ठिपक्याकडे जातो. पण बहुतेक वेळा, कुणी काही न सांगता, तीच व्यक्ती लगेच नजर योग्य बाजूला वळवते. काय करायचे ते तिला ठाऊक असते.