तेल सुटेपर्यंत म्हणजे किती मिनिटं?

जळगावची मैत्रीण पुण्याच्या मैत्रिणीला फोनवर शेवभाजी सांगते, तेव्हा बोलणं साधारण असं होतं.

“कांदा-खोबरं भाजून वाटून घे. तेलात काळा मसाला टाक, लगेच वाटण टाक, परतत राहा.”
“किती वेळ?”
“तेल सुटेपर्यंत.”
“म्हणजे किती मिनिटं?”
“घड्याळ काय पाहते, कढईत पाहा ना. पहिले तेल सुटू दे, मंग पाणी टाक.”

पुण्याची मैत्रीण इथे वैतागते. हिला नीट सांगता येत नाही, किंवा हिनं एखादी वस्तू मुद्दाम गाळली, असा संशयही तिला येतो. भाजी जमली नाही की तो पक्का होतो. माझ्या मते या भांडणात जळगावची बाजू खरी आहे, आणि पदार्थविज्ञान तिच्याच बाजूनं साक्ष देतं.

कांद्याच्या वजनात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं. भाजताना त्यातलं काही उडतं, पण वाटताना आपण पुन्हा थोडं घालतोच. हे वाटण कढईत पडलं की खालून कितीही आच द्या, पाणी आहे तोवर त्याचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच अडकून राहतं, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. आणि १०० अंशांवर कांदा शिजतो, खमंग होत नाही. खमंगपणा येतो तो प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखर यांच्या संयोगातून. लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली या अभिक्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मेयार अभिक्रिया म्हणतात. स्वयंपाकात ती जोरात चालायला साधारण १४० अंश लागतात. म्हणजे पाणी संपल्याशिवाय पुढचं दार उघडतच नाही.

आता तेलाकडे पाहा. सुरुवातीला ते वाटणातल्या पाण्यात आणि कांद्या-खोबऱ्याच्या गरात बारीक थेंबांच्या रूपात विखुरलेलं असतं, म्हणून सगळं गोळ्यासारखं दिसतं. पाणी उडत जातं तशी ही घडी मोडते, थेंब एकमेकांना मिळतात आणि कडेनं तेल झिरपायला लागतं. आवाजही बदलतो. आधीची चुरचुर ही वाफेच्या बुडबुड्यांची असते, ती हळूहळू बसते. तेल सुटलं याचा अर्थ पाणी गेलं आणि तापमान आता वर चढतंय. कढईत थर्मामीटर घालून याहून फार वेगळं काही कळणार नाही.

मिनिटं मात्र घरागणिक बदलतात. कढई लोखंडाची की पातळ अल्युमिनियमची, शेगडीचं तोंड केवढं, वाटण दोन जणांचं की दहा जणांचं, कांदा उन्हाळी साठवणीतला की पावसाळ्यातला पाणीदार, या सगळ्यावर. जळगावच्या कढईतली आठ मिनिटं पुण्याच्या कढईत पाच होतील किंवा बारा. आकडा दिला असता तर तो नेमका वाटला असता आणि चुकीचा निघाला असता.

“मंग पाणी टाक” यातलं मंगही तितकंच महत्त्वाचं. मिरचीचा लाल रंग आणि तिचा तिखटपणा ही दोन्ही द्रव्यं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. लवंग-दालचिनीच्या वासांचंही बरंचसं तसंच. मसाला आधी तेलात उतरला तर रंग-वास तेलात जातात, नंतर घातलेल्या पाण्यावर ते तेल तरंगतं आणि शेवभाजीवर ती लालभडक तर्री दिसते. उलट्या क्रमानं केलं तर तेच जिन्नस, तेच माप, आणि भाजी फिकी. पण कोरड्या मसाल्यात पाणी नसतं, त्यामुळे त्याला १०० अंशांची ती ढाल मिळत नाही आणि गरम तेलात तो पाहता पाहता करपतो. म्हणून “लगेच वाटण टाक”. काळ्या मसाल्यात पडणारं दगडफूल हे फूल नसून बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला संसार आहे, हे जाता जाता सांगायला हवं, कारण निम्म्या लोकांना ते झाडाची साल वाटतं.

शेव शेवटी, वाढायच्या वेळी. तळताना तिच्यातलं पाणी गेलेलं असतं, ते ती रश्श्यातून परत ओढून घेते. पंधरा मिनिटं आधी घातली तर रस्सा गायब आणि ताटात लगदा.

भरताची गोष्ट आणखी मजेची आहे. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, बामणोद आणि आसोद्याकडची ती मोठी, हिरवी-पांढरट वांगी. वांग्याचा गर स्पंजसारखा असतो, पेशींच्या मध्ये हवा भरलेली. म्हणून कच्च्या फोडी कढईत टाकल्या तर तेल पिऊन टाकतात. अख्खं भाजलं की आत वाफ कोंडते, पेशींच्या भिंती ढासळतात, हवा निघून जाते आणि वांगं बसतं. बाहेर साल कोळसा झालेली, आत मात्र पाणी असल्यामुळे गर वाफेवर शिजतो. झालं की नाही हे पाहायला जाणती बाई देठाजवळ दाबते. मधला भाग आधी मऊ होतो, देठाकडचा दाट भाग सगळ्यात शेवटी. तिथं बोट रुतलं तर वांगं उतरवा.

मग लसूण आणि हिरवी मिरची. इथे ‘ठेचून’ हा शब्द पाककृतीतून गळला तर चव गळते. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. तिच्यात अ‍ॅलिइन नावाचं द्रव्य आणि त्यावर काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, वेगवेगळ्या कप्प्यांत बंद असतं. ठेचताना कप्पे फुटतात, दोघं भेटतात आणि काही सेकंदांत अ‍ॅलिसिन तयार होतं. चेस्टर कॅव्हॅलिटो यांनी १९४४ साली ते लसणातून वेगळं काढलं. विकराला उष्णता सोसत नाही. म्हणून अख्ख्या पाकळ्या थेट गरम तेलात टाकल्या की तो झणका तयार व्हायच्या आधीच कारखाना बंद पडतो. गोडसर, सौम्य लसूण मिळतो. तोही छानच, पण भरतातला नव्हे.

एक गोष्ट मात्र फोनवरून पाठवताच येत नाही. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते तेव्हा वांगी भाजली जातात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर. लाकडातलं लिग्निन तापून फुटलं की ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी द्रव्यं धुरात येतात आणि गरात मुरतात. धुरकट चव ती हीच. स्वयंपाकाचा गॅस जळून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ देतो, लिग्निन त्यात येणार कुठून? गॅसवरचं भरीत चांगलं होतं. शेतावरचं होत नाही, आणि त्यात करणारीचा काही दोष नाही.

कळण्याच्या भाकरीचंही असंच. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन, नाही, म्हणून नुसत्या ज्वारीचं पीठ गार पाण्यात मळलं तर थापताना कडा फाटतात. गरम पाण्यानं थोडं पिष्ट फुगून चिकट होतं. कळण्यात उडीद सोबत दळलेला असतो, आणि उडदातला बुळबुळीत चिकटा भाकरीला धरून ठेवतो. शिवाय ज्वारीत कमी असलेलं लायसिन हे अमिनो आम्ल उडीद भरून काढतो. पाणी किती? “पीठ मागेल तेवढं.” ज्वारी नवी की जुनी, गिरणीवाल्यानं बारीक काढली की जाड, यावर ते ठरतं. वाटीचं माप इथे शोभेपुरतं.

पाण्याची जातसुद्धा मोजावी लागते. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट बांधतं आणि डाळ शिजता शिजत नाही. उंचीनंही फरक पडतो. साधारण ३०० मीटर चढलं की पाण्याचा उत्कलनबिंदू एका अंशानं उतरतो, म्हणून तोरणमाळच्या डोंगरावर उघड्या पातेल्यातलं वरण जळगावपेक्षा रेंगाळतं.

लिहून दिलेली कृती दुसऱ्याच्या हातून उतरत नाही, ही तक्रार फक्त स्वयंपाकघरातली नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हॅरी कॉलिन्स या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं एका नव्या प्रकारच्या लेसरचा पाठपुरावा केला. टीईए नावाचा हा लेसर कॅनडातल्या प्रयोगशाळेत बनला होता, माहिती छापून आली होती, आणि ब्रिटनमधले शास्त्रज्ञ तो बनवू पाहत होते. कॉलिन्सला आढळलं की नुसत्या छापील माहितीवर एकालाही तो चालू करता आला नाही. ज्यांचं चालू लेसर असलेल्या कुणाकडे जाणं-येणं, बोलणं होतं, त्यांनाच जमला.

पुढे त्यानं नीलमाच्या स्फटिकांवरचं एक मोजमाप तपासलं. मॉस्कोतल्या शास्त्रज्ञांना मिळालेले आकडे पाश्चात्त्य प्रयोगशाळांना सुमारे वीस वर्षं मिळत नव्हते, आणि संशयही घेतला जात होता. ग्लासगोची माणसं मॉस्कोला जाऊन शेजारी उभी राहिली तेव्हा बारकावे दिसू लागले. स्फटिक टांगायचा धागा किंचित तेलकट लागतो, आणि एक रशियन शास्त्रज्ञ त्यासाठी तो धागा आपल्या नाकावरून, कानामागून फिरवून घेत असे. हे शोधनिबंधात कोण लिहील? चिमूटभर साखर भाजीत टाकणारी मावशीही ती साखर कृतीत सांगत नाही. लपवत नसते, ती साखर तिला सांगण्याजोगी वाटतच नाही.

खान्देशात असं शेजारी उभं राहण्याचा मुहूर्त म्हणजे आखाजी, अर्थात अक्षय्य तृतीया. सासुरवाशिणी माहेरी येतात आणि मातीच्या खापरावर मांडे, म्हणजे मोठ्या पातळ पुरणपोळ्या, होतात. सैल कणीक भरपूर मळून मुरवायची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनचं जाळं तयार होतं आणि मग ढिलं पडतं. न मुरलेली कणीक ओढली की मागे येते. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत, तिच्याच वजनानं कोपरापर्यंत वाढवायची आणि पालथ्या खापरावर टाकायची. माती लोखंडाइतकी झटकन उष्णता देत नाही, म्हणून एवढी पातळ पोळीही जळायच्या आधी भाजते. कणीक आता आणखी ताणली तर फाटेल, हे मनगटाला कळावं लागतं, आणि ते शिकवायचं तर आई नाहीतर वहिनी शिकणारीच्या हाताखाली हात धरते. सुरुवातीचे मांडे फाटतातच. ते पोरांच्या ताटात जातात, आणि पोरं आणखी फाटायची वाट पाहत खापराभोवती बसून राहतात.