टोयोटाचं नाव नसलेली टोयोटा

ऑक्टोबर २०२५ मध्ये टोयोटाने जाहीर केलं, की तिची सेंच्युरी ही गाडी आता लेक्सस या तिच्याच महागड्या गाड्यांच्या ब्रँडच्याही वरचा, स्वतंत्र ब्रँड असेल. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की लेक्सस हाताशी असताना आणखी एक नाव कशाला? त्यासाठी मुळात लेक्सस हे नाव का घ्यावं लागलं, ते पाहायला हवं.

साध्या, टिकाऊ गाड्या बनवणारी कंपनी १९८९ मध्ये अचानक श्रीमंतांच्या गाड्यांत उतरली, असं सर्रास लिहिलं जातं. अमेरिकेपुरतं ते बरोबर आहे. घरी, म्हणजे जपानात, क्राऊन ही टोयोटाची भारी गाडी १९५५ पासून आणि सेंच्युरी १९६७ पासून विकली जात होती. सेंच्युरी ही ड्रायव्हर ठेवून मागे बसणाऱ्यांची गाडी, आणि तिच्या तोंडावर टोयोटाचा बिल्ला नसून फिनिक्स पक्ष्याचं चिन्ह असतं. क्राऊन १९५७ मध्ये अमेरिकेत नेऊन पाहिली, पण तिथल्या हायवेच्या वेगापुढे तिचं इंजिन धापा टाकू लागलं आणि काही वर्षांत ती मागे घ्यावी लागली. मग टोयोटाने तिथे छोट्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर भर दिला. सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईने पुढचं काम सोपं केलं.

खरी कलाटणी १९८१ ची. अमेरिकी कारखान्यांत कामगारकपात चालू होती आणि त्याचा राग जपानी गाड्यांवर निघत होता. अमेरिकेच्या दबावाखाली जपानने म्हणायला आपणहून मर्यादा मान्य केली: सगळ्या जपानी कंपन्या मिळून वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्या. हा आकडा १९८४ मध्ये साडेअठरा लाखांवर आणि १९८५ मध्ये २३ लाखांवर गेला. पण बंधन संख्येवर होतं, किमतीवर नव्हतं. जेवढ्या गाड्या पाठवता येतात त्या स्वस्त का पाठवायच्या, हा हिशेब कुठल्याही कारकुनाला सुचला असता. त्यात सप्टेंबर १९८५ च्या चलनकरारानंतर डॉलरमागे २४० च्या आसपास असलेला येन वर्षभरात दीडशेच्या घरात आला, म्हणजे महागला, आणि छोट्या गाडीतला उरलासुरला नफाही आटला. जपानी गाड्यांची वाट अडवायला घातलेल्या कुंपणानेच त्यांना वरच्या मजल्यावर ढकललं. अमेरिकी धोरणकर्त्यांच्या पदरी याहून मोठा विनोद क्वचितच पडला असेल.

होंडा सगळ्यात आधी हलली. मार्च १९८६ मध्ये तिने अ‍ॅक्युरा या नावाने वेगळ्या शोरूम उघडल्या. टोयोटाचं काम ऑगस्ट १९८३ मध्येच गुपचूप सुरू झालं होतं. सुमारे १,४०० अभियंते, साडेचारशे नमुना गाड्या, एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च हे आकडे कंपनी अजूनही अभिमानाने सांगते. लेक्सस एलएस ४०० जानेवारी १९८९ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात आली आणि सप्टेंबरपासून विकायला लागली. चार लिटरचं व्ही-८ इंजिन, किंमत ३५,००० डॉलर. तिच्या तोडीच्या जर्मन गाड्या दीडपटीहून महाग होत्या. निस्सानची इन्फिनिटी त्याच वर्षी नोव्हेंबरात आली.

आता वादाचा मुद्दा. टोयोटाने आपलं नाव का काढलं? नेहमीचं उत्तर असं, की कोरोला विकणाऱ्या दुकानात जर्मन गाडीचा मालक पाऊल टाकणार नाही. मग तीच एलएस जपानात ऑक्टोबर १९८९ पासून टोयोटा सेल्सिओर म्हणून कशी खपली? जपानात लेक्सस हे नाव आलं थेट ऑगस्ट २००५ मध्ये. मधली सोळा वर्षं तिथल्या श्रीमंतांना टोयोटा म्हणण्यात काही कमीपणा वाटला नाही, कारण क्राऊन आणि सेंच्युरी त्यांनी पाहिल्या होत्या. शिवाय टोयोटाच्या तिथे पाच वेगवेगळ्या विक्रीसाखळ्या होत्या. भारी गाडी कुठल्या दारात ठेवायची ही अडचणच नव्हती. अमेरिकेत एकच साखळी होती, ती स्वस्त गाडीची, आणि नवं दुकान काढायचं तर पाटीही नवी लागते. (त्या पाटीवरूनही खटला झाला. जवळपास तशाच नावाच्या एका माहितीसेवेने दावा लावला, खालच्या कोर्टात जिंकलीही. वरच्या कोर्टाने मार्च १९८९ मध्ये निकाल फिरवला. विक्री सुरू व्हायला तेव्हा सहा महिने उरले होते.)

नावाचं श्रेय मला वाढवून सांगितलेलं वाटतं. वेगळं नाव अ‍ॅक्युराकडे होतं, इन्फिनिटीकडेही होतं. अ‍ॅक्युरा पहिली येऊनही लेक्ससच्या मागे पडली. इन्फिनिटीने २०२० मध्ये पश्चिम युरोपातून काढता पाय घेतला. लेक्ससचा फरक दिसला तो डिसेंबर १९८९ मध्ये. मागचा वरचा ब्रेकलाइट आणि क्रूझ कंट्रोल यांत दोष निघाला आणि सुमारे ८,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. नव्या ब्रँडचं दिवाळं वाजायला एवढं पुरलं असतं. डीलरांनी गाड्या गिऱ्हाइकांच्या घरून नेल्या, दुरुस्त केल्या, धुऊन, टाकी भरून परत आणून दिल्या, आणि हे सगळं वीस दिवसांत उरकलं. जर्मन गाड्यांच्या मालकांना असल्या वागणुकीची सवय नव्हती.

तरीही नावाने एका ठिकाणी मोठं काम केलं, आणि त्याची चर्चा फार कमी होते. एकट्या एलएसवर शोरूमचं भाडं निघत नाही, म्हणून शेजारी ईएस २५० उभी केली. ती होती टोयोटाच्याच कॅम्रीच्या सांगाड्यावरची, घाईत सजवलेली गाडी. १९९८ मध्ये आलेली आरएक्स ही उंच गाडीही त्याच घराण्यातली. लेक्ससचा धंदा पुढे मुख्यतः या दोघींनी चालवला. एलएस कुठल्याही नावाने आपल्या गुणांवर उभी राहिली असती. कॅम्रीच्या हाडांवरच्या गाडीला जास्त पैसे मागायला मात्र नवं नाव हवंच होतं. २००० ते २०१० अमेरिकेत सर्वाधिक खपाचा लक्झरी ब्रँड लेक्सस होता तो या गणितावर.

उलट बाजूने फोक्सवॅगनच्या फेटनचं उदाहरण दिलं जातं. २००२ ची ही गाडी, ड्रेस्डेनमध्ये खास तिच्यासाठी काचेचा कारखाना बांधलेला. बाहेर ५० अंश तापमान असताना ताशी ३०० किलोमीटर वेगाने दिवसभर पळवली तरी आत २२ अंश राहिले पाहिजेत, अशी वरून आलेली अट. बिल्ला फोक्सवॅगनचाच ठेवला. वर्षाला २०,००० गाड्यांची अपेक्षा होती. २०१६ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत एकूण ८४ हजारांच्या आसपास झाल्या. अमेरिकेतून ती २००६ मध्येच गेली. बिल्ल्याने बुडवली, असा निष्कर्ष काढतात. पण याच समूहाची ऑडी ए-८ शेजारच्याच शोरूममध्ये उभी होती हे कोणी सांगत नाही. आणि फेटनच्या पायावरच बेंटलीची कॉन्टिनेंटल जीटी बांधली, ती जोरात चालली.

मर्यादेचा खेळ पुढेही संपला नाही. मे १९९५ मध्ये अमेरिकेने १३ जपानी लक्झरी मॉडेलांवर शंभर टक्के जकात लावायची धमकी दिली. जूनच्या अखेरीस तडजोड झाली. २००३ पासून आरएक्स कॅनडात बनू लागली, जपानबाहेर तयार झालेली ती पहिली लेक्सस.

सेंच्युरीचा आजचा निर्णय या ओळीतच बसतो. २०२३ मध्ये तिची उंच आवृत्ती आली, आता ब्रँड. सगळ्यात वरची जागा तिने घेतल्यावर लेक्ससला तिथे टिकून राहायची सक्ती उरली नाही. २०२५ च्या टोकियोच्या प्रदर्शनात एलएस हे नाव चक्क सहा चाकांच्या व्हॅनसारख्या नमुना गाडीला दिलं गेलं.

आपल्याकडे लेक्सस मार्च २०१७ मध्ये आली. २०२० पासून ईएस ३००एच बंगळुरूजवळ बिडदीत जोडली जाऊ लागली, जिथे कॅम्रीही जोडली जाते. मारुतीने किझाशी ही महागडी गाडी २०११ मध्ये नेहमीच्याच शोरूममध्ये आणली आणि काही वर्षांत गुंडाळली. २०१५ च्या नेक्सा या शोरूमच्या साखळीत दुकान वेगळं केलं, बिल्ला सुझुकीचाच ठेवला. टाटा मोटर्सने यातलं काहीच केलं नाही. २००८ मध्ये २.३ अब्ज डॉलर मोजून तिने जॅग्वार आणि लँड रोव्हर ही तयार नावंच विकत घेतली आणि २०११ पासून पुण्यात लँड रोव्हरची फ्रीलँडर जोडायला घेतली. नवं नाव रुजवायचा खर्च वाचला, जुन्या नावांमागचे कारखाने आणि पेन्शनचा बोजा मात्र सोबत आला.