कापराचा वास येणारा ‘हस्तिदंत’

जुन्या वस्तूंच्या बाजारात पिवळसर पांढऱ्या मुठीचा वस्तरा उचलला की विकणारा ठासून सांगतो, ‘अस्सल हस्तिदंत आहे!’ शंका घेतली तर सुई तापवून हातात देतो. रुतली तर प्लास्टिक, नाही रुतली तर हस्तिदंत, असा सरळ हिशेब. हा हिशेब साफ चुकीचा आहे. इंग्लंडमधल्या शेफील्ड आणि जर्मनीतल्या झोलिंगेनच्या जुन्या वस्तऱ्यांना हाडाच्याही मुठी असत, आणि सुई हाडातही रुतत नाही. म्हणजे जिथे खरी फसगत होते तिथेच ही परीक्षा निकामी. वर मुठीवर कायमचा डाग पडतो तो वेगळाच. आणि मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची, निघाली तर ती भडकन पेटू शकते, कारण सेल्युलॉइड हे मुळात नायट्रोसेल्युलोज, म्हणजे बिनधुराच्या बंदुकीच्या दारूचं भावंड.

लागतं ते फक्त भिंग आणि मोबाइलची टॉर्च. कोल्हापूरच्या गुजरीतले सोनार खडे पारखायला डोळ्याला लावतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे. मूठ कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्या, पाण्यात बुडवू नका. टॉर्च वरून न मारता बाजूने, जवळजवळ आडवी धरा. आधी मुठीचा सपाट भाग बघा, मग दोन्ही गोलसर टोकं.

आता मुद्द्याची गोष्ट. हाडात रक्त खेळतं, हस्तिदंतात नाही. सगळी ओळख या एका फरकावर उभी आहे.

गाईबैलांच्या पायाचं लांब हाड बाहेरून भरीव दिसतं, पण त्याच्या जाड भिंतीतून रक्तवाहिन्यांसाठी बारीक नलिका उभ्या धावतात. क्लॉप्टन हॅवर्स या इंग्रज वैद्याने 1691 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या हॅवर्सच्या नलिका. एकेक साधारण 0.05 मिलिमीटर रुंद. मुठीची पट्टी हाडाच्या लांबीला धरून कापतात, त्यामुळे या नलिका उभ्या चिरल्या जातात. वर्षानुवर्षं साबण, तेल आणि हाताचा मळ त्यांत बसतो. भिंगाखाली सपाट भागावर तुटक, काळपट, पेन्सिलीने ओढल्यासारख्या बारीक रेघा दिसतात, आणि टोकाला त्याच नलिका ठिपके होऊन दिसतात. रेघा आणि ठिपके दोन्ही सापडले की हाड. पुढे वाद नाही.

हस्तिदंत म्हणजे हत्तीचा सुळा, खरं तर वाढलेला पटाशीचा दात. त्याचा मुख्य भाग दंतिनाचा, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण द्रव्याचा. दंतिन तयार करणाऱ्या पेशी आतल्या गाभ्याच्या कडेला असतात. त्या थरावर थर घालत आत सरकतात आणि मागे केसाहून कितीतरी बारीक नळ्या सोडतात. रक्तवाहिन्या गाभ्यातच राहतात, दंतिनात शिरत नाहीत, म्हणून काळ्या रेघा नाहीत. गाभ्यापासून बाहेर जाणाऱ्या या नळ्या सरळ नसतात, नागमोडी असतात. शेजारच्या नळीची लाट किंचित पुढेमागे सरकलेली असते. लाटांचे समान टप्पे जिथे ओळीत येतात तिथे प्रकाश वेगळा परततो, आणि सुळ्याच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची जाळी उमटते. 1800 मध्ये श्रेगर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने ती नोंदवली. सुळ्याच्या बाहेरच्या कडेजवळ या रेषांमधला कोन हत्तीत सरासरी 100 अंशांहून जास्त, मॅमथ या नामशेष हत्तीवर्गीय प्राण्यात 100 हून कमी. मात्र वस्तऱ्यावर आडवा छेद मिळतो तो फक्त टोकाला, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीचा. तिथे कोन मोजत बसू नका, जाळी आहे की नाही एवढंच बघा. सपाट भागावर जाळी शोधणारे हमखास चुकतात. तिथे लाकडासारख्या, मंद, थोड्या वळणाऱ्या रेषाच असतात.

याच रेषांची नक्कल सेल्युलॉइडने केली. 1870 च्या सुमारास हायट बंधूंनी नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून ते बाजारात आणलं, आणि पुढे फिक्या-गडद पट्ट्या एकत्र दाबून ‘हस्तिदंत’ बनू लागला. त्याच्या रेषा फार शिस्तीच्या असतात, वहीतल्या छापील रेघांसारख्या. मूठ अंगठ्याने जोरात घासून गरम करा आणि लगेच हुंगा. आरतीच्या ताटातला कापूर ओळखणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

काळ्या मुठीचा प्रश्न सोपा. शिंग केराटिनचं, आपल्या नखासारखं. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी रंगवलेल्या शिंगांनी मिरवतात, तेच हे द्रव्य. ते गरम करून, दाबून सपाट करतात, म्हणून जुनी पट्टी पुन्हा वाकडी होऊ पाहते आणि कडेला पापुद्रे सुटतात. पातळ कड उजेडासमोर धरली तर बऱ्याच शिंगांत तपकिरी झाक पारदर्शक दिसते. केराटिन खाणाऱ्या किड्यांनी पाडलेली भोकं दिसली तर शिंगच. काळं व्हल्कनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, घासलं की गंधकाचा वास देतं आणि उन्हाने हिरवट तपकिरी पडतं.

तपकिरी-पिवळ्या डागांची मूठ समुद्री कासवाच्या कवचाची असू शकते. खऱ्या कवचात गडद डाग भिंगाखाली सुट्या ठिपक्यांचे बनलेले दिसतात. सेल्युलॉइडमध्ये रंग ओघळून एकमेकांत मिसळलेला असतो. कासवाची वस्तू घरात असली की लक्ष्मी टिकते असं सांगून अशा मुठी चढ्या भावाने विकल्या जातात. कवच हेही केराटिनच. नखं कापून तिजोरीत ठेवल्याने पैसा वाढत नाही, तसाच याने वाढत नाही. उलट, वस्तू कितीही जुनी असो, हस्तिदंताची किंवा या कासवाच्या कवचाची खरेदी-विक्री 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ओळखता यायला हवं ते त्यासाठीही.

मूठ सेल्युलॉइडची निघाली तर तो वस्तरा बाकीच्यांपासून वेगळा, हवेशीर जागी ठेवा. जुनं सेल्युलॉइड विघटन पावताना नायट्रोजनचे आम्लकारी वायू सोडतं. बंद डबीत ते कोंडले की आधी त्याचं स्वतःचं पातं गंजतं, मुठीच्या आत असलेल्या भागाकडून, आणि मग शेजारच्या चांगल्या वस्तऱ्यांचं. पात्यावर फक्त मुठीला लागूनच लालसर गंज दिसला, बाकी पातं स्वच्छ, तर कापराचा वास गेलेला असला तरी मूठ सेल्युलॉइडची असल्याचा दाट संशय घ्या.