इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही : क्लच आणि गिअरबॉक्स स्लिप होण्याविषयी माहिती

पन्हाळ्याच्या चढाला चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला, इंजिनचा आवाज चढला, टॅकोमीटरचा (इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणारा) काटा दोन हजारांवरून साडेतीन हजारांवर गेला, पण वेग चाळीसचा चाळीसच राहिला, तर इंजिनची ताकद चाकांपर्यंत पोहोचत नाही. यालाच गाडी स्लिप मारते म्हणतात. हा दोष आपोआप बरा होत नाही. घसरण्यातून उष्णता तयार होते, उष्णतेने घासणारा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि घसरण आणखी वाढते. वेळेवर आलेल्या गाडीचं काम बरेचदा केबलच्या अ‍ॅडजस्टमेंटवर भागतं. तीच गाडी तशीच ओढत राहिली, तर खर्च फ्लायव्हीलपर्यंत (क्लच प्लेट जिच्यावर दाबून बसते ती इंजिनची जड चकती) जातो.

आधी खात्री : हे स्लिपच आहे का?

गाडी ओढत नाही म्हटलं की क्लच प्लेट गेली असं लगेच ठरवू नका. काटा आणि वेग दोन्ही सावकाश वाढत असतील, तर क्लच नीट पकडतोय. दोष एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बोचा फाटलेला पाइप किंवा जाम झालेला ब्रेक यांपैकी कशात तरी असतो. गिअर पडताना कर्र आवाज येतो किंवा रिव्हर्स पडतच नाही, हा उलटा दोष आहे. तिथे क्लच पुरता सुटत नाही. अशा वेळी पेडलखाली दुमडलेलं मॅट काढून पाहा आणि हायड्रॉलिक क्लच असेल तर तेलाची पातळी पाहा. धक्का बसला की गिअर आपोआप न्यूट्रलला येत असेल, तर बिघाड गिअरबॉक्सच्या आत किंवा गिअर लिव्हरच्या जोडणीत आहे. तिथे क्लच बदलून पैसे वाया जातील.

मॅन्युअल गाडीची चाचणी तुम्हीही करू शकता. सपाट, मोकळ्या जागी गाडी उभी करा, पुढे-मागे कोणी नाही हे पाहा. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवा. इंजिन सुरू करून तिसरा गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडा. क्लच चांगला असेल, तर इंजिन लगेच बंद पडतं. पाय पूर्ण सुटल्यावरही इंजिन चालूच राहिलं, तर प्लेट घसरतेय. ही चाचणी एकदाच करा. पुन:पुन्हा केल्यास शिल्लक प्लेटही जळते.

सुरुवातीला स्लिप फक्त वरच्या गिअरमध्ये, भरल्या गाडीत, चढावर जाणवते. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स ताकद वाढवून चाकांना देतो, म्हणून गाडी सहज हलते आणि क्लचवर ताण कमी येतो. चौथ्या-पाचव्यात तेवढी मदत नसते. त्यामुळे शहरात गाडी ठीक आणि गगनबावड्याच्या घाटात त्रास, असं होतं. पहिल्या गिअरमध्येही गाडी घसरायला लागली, म्हणजे काम शेवटाला आलं.

कारण कुठे असतं

गॅरेजमध्ये आम्ही आधी पेडल पाहतो. केबलच्या क्लचला वरच्या टप्प्यात थोडा मोकळा खेळ लागतो. तो साधारण १० ते २५ मिमी असतो, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच प्रमाण. लायनिंग (क्लच प्लेटवरचा घासणारा थर) झिजत जाते तसा हा खेळ कमी होतो. तो शून्यावर आला की पेडलला पाय न लावताही रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबणारी) दाबून धरतं आणि प्लेट अर्धवट सुटलेली राहते. केबलचा नट फिरवून खेळ दिल्यावर स्लिप थांबली, तर गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही. हायड्रॉलिक क्लचमध्ये मास्टर सिलिंडरमधलं तेल परत येण्याचं बारीक छिद्र तुंबलं, तर दाब तसाच राहतो. मग गाडी थंड असताना ठीक चालते, तापल्यावर स्लिप मारते.

दुसरी जागा बेलहाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या कवचाच्या तळाशी. तिथे तेलाचे थेंब दिसले, तर क्रँकचं मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलेलं असतं. इंजिन ऑइल काळं आणि पातळ असतं, गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून परत बसवणारे आहेत. लायनिंगमध्ये मुरलेलं तेल तापलं की पुन्हा वर येतं. असं काम आम्ही करत नाही, तुम्हीही कोणाकडून करून घेऊ नका.

उरलेलं कारण झीज. ती बरीचशी चालवण्यावर ठरते. जोतिबाच्या चढावर चैत्र यात्रेच्या गर्दीत, किंवा हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली, तर काही मिनिटांत प्लेटचा वास येतो. चढावर थांबायचं असेल तर हँडब्रेक लावा, न्यूट्रल करा आणि ट्रॉलीपासून अंतर ठेवा, म्हणजे इंचाइंचाने सरकावं लागत नाही. चालत्या गाडीत डावा पाय पेडलवर टेकलेला नसावा.

क्लच उतरवला की काय बदलायचं

मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स खाली घेण्याचा असतो. म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा संच एकत्रच बदलावा. बेअरिंगचे पैसे वाचवले आणि महिन्याने ते वाजू लागलं, तर पूर्ण मजुरी पुन्हा पडते. रिव्हेटच्या डोक्यापासून लायनिंगची उंची ०.३ ते ०.५ मिमीच्या खाली गेली, तर प्लेट बाद. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटं एका पातळीत नसतील किंवा तिच्यावर निळे डाग असतील, तर तीही बाद.

फ्लायव्हीलवर बारीक रेषा असतील तर घासून घेता येतं, हे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर होतं. खोल तडे असतील तर बदलावंच लागतं. मात्र काही डिझेल आणि टर्बो गाड्यांत डबल मास फ्लायव्हील असतं. त्याच्या आत स्प्रिंगा असतात, ते घासायला देऊ नये. त्याची हालचाल मोजावी, मर्यादेबाहेर असेल तर बदलावं. ते महाग असतं, त्यामुळे तुमच्या गाडीत ते आहे का हे काम सुरू होण्याआधीच विचारून घ्या.

बसवताना प्लेट बरोबर मध्यावर आणायला अलाइनमेंट टूल लागतं. प्लेटची स्प्रिंगांची फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे येते. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळायचे. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस अगदी पुसट लावायचं. जास्त झालं, तर ते फिरताना उडून नव्या लायनिंगवर जातं. सीलही याच वेळी बदलून घ्यावं, ते स्वस्त असतं. नव्या प्लेटला पहिले ५०० किमी जड ओझं आणि घाट टाळा.

एएमटी आणि ऑटोमॅटिक

एएमटी म्हणजे गिअर मशीनने बदलणारी मॅन्युअल गाडी. तिच्या आत साधाच कोरडा क्लच असतो, फक्त तो दाबायचं काम मशीन करतं. भारतात २०१४ मध्ये सेलेरिओपासून ही पद्धत आली. चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवली की हा क्लच झपाट्याने जळतो. संच बदलल्यावर स्कॅनर लावून क्लचचा पकडबिंदू संगणकाला नव्याने शिकवावा लागतो. हे राहिलं, तर नवा क्लचही धक्के देतो.

सीव्हीटीमध्ये (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुली असलेली ऑटोमॅटिक) जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला की आधी इंजिन चढतं आणि वेग मागून येतो. ती रचनाच तशी आहे, त्याला स्लिप समजू नका. एकसारख्या वेगात काटा वरखाली होत असेल, गाडी थरथरत असेल, तर मात्र थांबा. पट्टा पुलीवर घसरला की पुलीला चरे पडतात.

टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद तेलातून पोचवणाऱ्या ऑटोमॅटिक) गाडीत स्लिप असेल, तर गिअर बदलताना मध्येच इंजिन मोकळं पळतं आणि मग धक्क्याने गिअर लागतो, किंवा डी टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद हलत नाही. इथे आधी तेल पाहायचं. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, जळून संपत नाही, कमी झालं म्हणजे कुठेतरी गळतंय. बहुतेक ताजी तेलं लालसर असतात. तपकिरी-काळं, करपल्या वासाचं तेल म्हणजे आतल्या क्लच प्लेटा जळत आहेत. डिपस्टिक असेल तर गाडी सपाट जागी, तापलेली हवी. काहींत इंजिन चालू ठेवून मोजतात, काहींत बंद करून, म्हणून पुस्तक पाहा. बऱ्याच नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते, पातळी खालच्या प्लगमधून ठरावीक तापमानाला पाहावी लागते. ते घरी करू नका. तेल कंपनीने सांगितलेल्या प्रकारचंच घ्या. सीव्हीटीमध्ये एटीएफ ओतणं म्हणजे गिअरबॉक्स घालवणं. पॅन उघडल्यावर मॅग्नेटवर राखाडी मऊ लेप दिसणं ठीक आहे, चमकते तुकडे दिसले तर आतून मोडतोड सुरू आहे.

पुराचं पाणी लागलेली गाडी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कोल्हापूरच्या शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी होतं. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करून बघू नका. गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून (हवा जाण्याच्या वाटेतून) पाणी आत शिरतं आणि तेल दुधाळ होतं. ऑटोमॅटिकमध्ये पाण्याने क्लच प्लेटांचं लायनिंग सुटू लागतं, आणि हा दोष नंतर स्लिप म्हणून समोर येतो. आधी तेल काढून पाहायचं, मगच किल्ली फिरवायची. मॅन्युअल गाडी बरेच दिवस ओली उभी असेल, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते आणि गिअर पडत नाही.

घाटात अडकलात तर

अ‍ॅक्सिलरेटर सोडा, खालचा गिअर घ्या, हलक्या पायाने रुंद जागेपर्यंत जा. एसी बंद करून क्लचला आराम मिळत नाही. एसीचा भार इंजिनवर असतो, क्लचच्या अलीकडे. धूर किंवा वास आला असेल, तर अर्धा तास गाडी थंड होऊ द्या. थंड झाल्यावर ती पुन्हा ओढेल, पण तेवढ्यावर उरलेला घाट चढू नका, शक्य असेल तर उतारावरून परत फिरा. टो करताना पुढच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक गाडी पुढची चाकं उचलून किंवा फ्लॅटबेडवरच (पूर्ण गाडी वर घेणाऱ्या ट्रकवर) न्यावी. इंजिन बंद असताना तिच्या गिअरबॉक्सला तेलाचा दाब मिळत नाही. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीला फ्लॅटबेडच हवा.

गॅरेजला येताना कोणत्या गिअरमध्ये, किती वेगाला, थंड की गरम गाडीत त्रास होतो हे लिहून आणा, आणि शेवटचं क्लच किंवा तेलाचं काम किती किलोमीटरला झालं त्याचं बिलही आणा. आम्ही तुमच्यासोबत गाडी चालवून पाहतो, केबल, पेडल, गळती आणि स्कॅनर आधी तपासतो. गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली, तर अंदाजपत्रक दिल्याशिवाय हात लावत नाही. काढलेले जुने भाग तुमच्यासमोर ठेवतो, ते पाहून घ्या आणि हवे असतील तर घेऊन जा.