अशनींचा शीतन-वेग : समस्थानिक कालमापन

सूर्यमालेच्या आरंभी तापलेल्या लघुग्रहांचा खडक दर दहा लाख वर्षांत किती अंशांनी निवत गेला, याचे अशनींतील (लघुग्रहांपासून सुटून पृथ्वीवर पडलेल्या दगडांतील) किरणोत्सारी समस्थानिकांवरून काढलेले अनुमान.

पद्धतीचे मर्म सोलापुरातल्या वाचकाला पायाखालच्या कातळावरून चांगले उमगते. हे शहर दख्खनच्या लाव्ह्यापासून झालेल्या, सुमारे ६.६ कोटी वर्षे वयाच्या काळ्या बेसाल्टवर वसले आहे. लाव्ह्याचा थर काही वर्षांत, फार जाड असल्यास काही दशकांत थिजतो. कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात हा काळ नगण्य. म्हणून अशा झटपट थिजलेल्या खडकाचे वय कोणत्याही खनिजावरून काढले तरी ते जुळायला हवे. अशनीत ते जुळत नाही. ही तफावत मोजणाऱ्याची चूक नसते. शीतनाची सारी माहिती तिच्यातच असते.

पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे. त्यापासून होणारा आरगॉन वायू तापलेल्या फेल्डस्पार या खनिजातून निसटत राहतो. साधारण २८०° से. खाली तो स्फटिकात अडकतो आणि वय साठू लागते. फॉस्फेट खनिजांत युरेनियमपासून झालेले शिसे मात्र ४५०° से.च्या आसपासच अडकते. या मर्यादेला बंदिस्ती तापमान म्हणतात. मार्टिन डॉडसन यांनी १९७३ मध्ये तिचे सूत्र दिले. कण मोठा असेल किंवा खडक झपाट्याने निवत असेल तर हे तापमान चढते. म्हणजे जो वेग शोधायचा तोच सूत्रात आधी घालावा लागतो, आणि उत्तर स्थिरावेपर्यंत हिशेब पुन्हापुन्हा करावा लागतो.

स्पेनमध्ये १८९२ साली पडलेल्या ग्वारेन्या अशनीच्या फॉस्फेटांचे वय सुमारे ४५०.४ कोटी वर्षे आहे, तर फेल्डस्पारचे त्याहून साधारण साडेचार कोटी वर्षांनी कमी. तेवढ्या काळात तापमान १७० अंशांनी उतरले, म्हणजे दर दहा लाख वर्षांत तीन-चार अंश. इतका सावकाश निवणारा खडक पृष्ठभागावर असूच शकत नाही; त्यावर कित्येक किलोमीटरचे पांघरूण असले पाहिजे. ग्वारेन्या एच गटातला, म्हणजे जास्त लोहाच्या दगडी अशनींपैकी; त्याच गटातील, कमी तापलेल्या सेंट मार्गरीट अशनीच्या फॉस्फेटांचे वय ४५६.३ कोटी वर्षे भरते, म्हणून तो वरच्या थरातला ठरतो. अशा नोंदी एकत्र करून २००३ मध्ये मारिओ ट्रीलॉफ आणि सहकाऱ्यांनी आतून ॲल्युमिनियम-२६ या अल्पायुषी किरणोत्सारी समस्थानिकाने तापलेल्या, कांद्यासारख्या थरांच्या लघुग्रहाचे चित्र मांडले. प्लुटोनियम-२४४ च्या विखंडनाने स्फटिकांत उमटलेले माग त्याच चित्राला १२०° से.पर्यंत खाली नेतात.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पोटॅशियमचा क्षयस्थिरांक (क्षयाचा वेग सांगणारा आकडा) नीट जुळवला नाही तर आरगॉन-वये सुमारे तीन कोटी वर्षांनी कमी येतात. शिवाय टकरीच्या उष्णतेने आरगॉन पुन्हा निसटतो; एल गटातील (कमी लोहाच्या दगडी) अनेक अशनींची आरगॉन-वये त्यामुळे जेमतेम ४७ कोटी वर्षे येतात.

धातुकणांतील निकेलच्या वाटणीवरून काढलेले शीतन-वेग मात्र या थरांच्या क्रमाशी नेहमी जुळत नाहीत. एच गटाचा मूळ लघुग्रह निवत असतानाच फुटून पुन्हा जुळला असावा, असे म्हणणारा पक्ष म्हणूनच अजून टिकून आहे.