सीझनच्या मध्येच साईन झालेला परदेशी प्लेअर आपल्या फँटसी बेसबॉल टीममध्ये कसा घ्यायचा : पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

दरवर्षी जूनपासून ग्रुपवर तेच प्रश्न सुरू होतात आणि मी तीच उत्तरं टाईप करत बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. आपली फँटसी लीग (खऱ्या बेसबॉल प्लेअरांच्या कामगिरीवर आपल्या कागदी टीमला पॉइंट्स) १२ टीमची, कीपर (म्हणजे काही प्लेअर पुढच्या वर्षीही ठेवता येतात), मार्चच्या लिलावात २६० डॉलर आणि सीझनभर फ्री एजंटसाठी, म्हणजे कोणाच्याच टीममध्ये नसलेल्या प्लेअरांसाठी, वेगळे १०० डॉलर (खरे नाहीत हो, नवीन मेंबरांनी घाबरू नका). तुमची लीग वेगळी असेल तर आकडे बदला, पण नियम सीझन सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवा, कारण प्लेअर साईन झाल्यावर नियम करायला गेलं की प्रत्येकाला आपल्याच सोयीचा नियम न्याय्य वाटतो.

आधी हा नियम आला कुठून ते सांगतो. १६ जुलै २०१६, शनिवार. ह्यूस्टन ॲस्ट्रोज या मेजर लीग टीमने क्युबाच्या युलिएस्की गुरिएलला साईन केलं, पाच वर्षं, ४ कोटी ७५ लाख डॉलर. आपल्या फँटसी साईटवर (याहू) अजून त्याचं नावही आलं नव्हतं आणि एडिसनवाल्याने (आपला मेंबर, राहत्या गावावरून नाव) संध्याकाळी सहाला व्हॉट्सॲपवर टाकलं, 'गुरिएल माझा'. आता दुसरा मेंबर, पर्सिपनीवाला, तेव्हा सुट्टीला पुण्यात, तिकडे पहाटेचे साडेतीन, तो झोपलेला. सकाळी उठून चहा घेता घेता त्याने मेसेज बघितला आणि जे सुरू झालं ते पुढचे चार दिवस चाललं, शेवटी वहिनींनी मध्ये पडून दोघांना गप्प केलं. तर पहिला नियम हा की ग्रुपवर 'माझा' लिहिल्याने कोणी कोणाचा होत नाही. बोली गुप्त, बंद पाकिटासारखी, निकाल रविवारी रात्री १० वाजता ईस्टर्न टाईमने, म्हणजे कोणी घरी गेलेला असला तरी तिकडे सोमवारी सकाळचे साडेसात असतात, जागा असतो माणूस.

आता पात्रता. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो त्यामुळे जरा नीट वाचा. मेजर लीगच्या (एमएलबी, अमेरिकेतली सगळ्यात वरची बेसबॉल लीग) नियमात परदेशी प्लेअर दोन जातीचे. वय २५ किंवा जास्त आणि बाहेरच्या मान्य प्रोफेशनल लीगमध्ये सहा सीझन खेळलेला असेल तर तो खरा फ्री एजंट, त्याला कितीही पैसे देता येतात आणि सरळ मेजर लीगचं कॉन्ट्रॅक्ट मिळू शकतं. यातलं काही कमी असेल तर तो ॲमॅच्युअर धरतात, टीमच्या ठरावीक बोनस पूलमधूनच पैसे आणि कॉन्ट्रॅक्ट फक्त मायनर लीगचं, म्हणजे मेजरच्या खालच्या लीगचं. ओतानी डिसेंबर २०१७ मध्ये २३ वर्षांचा होता म्हणून एंजल्सकडे २३ लाख १५ हजार डॉलर बोनसवर आला, दोन वर्षं थांबला असता तर काय मिळालं असतं विचार करा. रोकी सासाकीचं जानेवारी २०२५ मध्ये तेच, डॉजर्स, ६५ लाख.

आपण लीगमध्ये हीच रेघ वापरतो. पहिल्या जातीचा प्लेअर सीझनमध्ये साईन झाला तर त्याच्यावर लगेच बोली लावता येते. दुसऱ्या जातीचा, म्हणजे डॉमिनिकन किंवा व्हेनेझुएलाचा १७ वर्षांचा पोरगा (त्यांचा साईन करायचा काळ १५ जानेवारी ते १५ डिसेंबर असतो, त्यामुळे मधे कधीही येऊ शकतात), तो पुढच्या मार्चच्या मायनर ड्राफ्टमध्येच जाणार, आज अर्ज करून उपयोग नाही. दरवर्षी कोणीतरी करतोच.

जपानवाल्यांची काळजी करू नका. त्यांचं पोस्टिंग (जपानी क्लब आपल्या प्लेअरला मेजर लीगशी बोलणी करायला मोकळं करतो ते) नोव्हेंबरमध्ये उघडतं, मग बोलणी करायला ४५ दिवस, म्हणजे मार्चच्या लिलावाच्या आत सगळं मिटलेलं असतं. सीझनच्या मध्ये जे येतात ते मुख्यतः क्युबाहून निघून तिसऱ्या देशात राहायला गेलेले. आणि कोरिया किंवा मेक्सिकोमधून परत आलेला जुना मेजर लीगर 'नवीन परदेशी' धरायचा नाही, तो साधा फ्री एजंट. इथे पासपोर्ट बघत नाही आपण, आधी मेजर लीगची एक तरी मॅच खेळलाय का एवढंच बघतो.

कागदपत्रं तीनच आहेत. एक, एमएलबीच्या साईटवरच्या ट्रान्झॅक्शन पानावर त्याच्या साईन होण्याची नोंद, तिचा तारखेसकट स्क्रीनशॉट. रिपोर्टरचं ट्विट चालत नाही, 'डील झाली' आणि 'साईन झाला' यात मेडिकल असतं, व्हिसा असतो, आपल्याला एच-१बी च्या स्टॅम्पिंगचा अनुभव आहे तसा यांना पी-१ चा (खेळाडूंच्या व्हिसाचा) असतो, कधी कधी आठवडे जातात. दोन, वय आणि बाहेरचे सीझन दिसतील असं त्याचं प्रोफाईल, बेसबॉल रेफरन्सचं पान पुरतं. तीन, तुम्ही कोणाला ड्रॉप करणार त्याचं नाव. बोलीचा आकडा यात लिहायचा नाही, तो प्लेअर साईटच्या यादीत आला की तिथेच बंद बोलीत टाकायचा. यादीत येईपर्यंत अर्ज नुसता पडून राहतो आणि त्याचा कोणालाही आधीचा हक्क मिळत नाही, एकाने कागद टाकले की बोली बाराही जणांना खुली.

अर्ज शुक्रवारी रात्रीपर्यंत, शनिवारी मी (कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा) आणि सहकमिशनर तपासतो, रविवारी निकाल. मला स्वतःला प्लेअर हवा असेल तर तपासणी सहकमिशनर एकटा करतो. बोली सारखी आली तर पॉइंट्समध्ये जो खाली तो जिंकतो.

पोझिशनवर भांडू नका, साईट जी देईल ती. याहूवर त्या जागी पाच स्टार्ट (सुरुवातीपासून खेळलेल्या मॅच) किंवा एकूण दहा मॅच झाल्या की नवीन पोझिशन आपोआप लागते.

आता जिंकल्यावर काय. साईन होणं आणि मैदानात दिसणं यात अंतर असतं हे लक्षात घेऊन बोली लावा. गुरिएल २१ ऑगस्टला पहिली मॅच खेळला, पाच आठवडे पर्सिपनीवाल्याच्या एनए स्लॉटमध्ये (अजून मेजरमध्ये न खेळणाऱ्या प्लेअरसाठीची वेगळी जागा) बसून होता (हो, शेवटी त्यालाच मिळाला, ३१ डॉलरला), आणि त्या सीझनला ३६ मॅच आणि ३ होम रन एवढंच हाती लागलं. पुइगचं त्याहून लांबलं, जून २०१२ मध्ये डॉजर्सनी घेतला आणि पहिली मॅच ३ जून २०१३ ला, पण मग आला तो वादळासारखा आला, १०४ मॅचमध्ये १९ होम रन. आणि रस्नी कास्टिलो! ऑगस्ट २०१४ मध्ये रेड सॉक्सनी ७ कोटी २५ लाख दिले, सप्टेंबरमध्ये १० मॅच खेळला, .३३३ (बॅटिंग ॲव्हरेज) मारलं, सगळे वेडे झाले, आणि पूर्ण करिअर झालं ९९ मॅचचं. म्हणून आपल्याकडे ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारनंतर साईन झालेल्यावर त्या वर्षी बोली नाही, तो सरळ मार्चच्या लिलावात. एनए स्लॉट प्रत्येकाला एकच, मायनरमध्ये पाठवलेला परदेशी प्लेअर तिथे ठेवा नाहीतर बेंचवर, तिसरी जागा मागू नका.

कीपरच्या किमतीचा नियम मात्र आपण बदललाय, जुने मेंबर पण वाचा. आधी जितकी बोली तितकी पुढच्या वर्षीची किंमत होती. मार्च २०१७ मध्ये २६० पैकी ३१ एकट्या गुरिएलवर घालवायचे म्हणून पर्सिपनीवाल्याने त्याला सोडला, एडिसनवाल्याने लिलावात ४ डॉलरला उचलला आणि त्याने त्या वर्षी १८ होम रन मारून .२९९ केलं. चार वर्षांनी तर अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) बॅटिंग टायटल, म्हणजे सगळ्यात जास्त ॲव्हरेजचा मान, पण मिळवला. एडिसनवाला अजूनही मिसळ खाताना तो विषय काढतो. तर आता किंमत बोलीच्या निम्मी, अपूर्णांक आला तर वरचा आकडा, आणि कमीत कमी ५. ३१ ची बोली म्हणजे १६.

ड्रॉप करायच्या प्लेअरचं नाव रिकामं सोडलेला अर्ज बाद होतो, मी फोन करून विचारणार नाही. मागच्या वर्षी दोघांचे असे गेले, त्यातला एक माझा होता.